चूलबंदचं आवतण

टाळ थांबवा जरा. मृदंगवाले, तुम्हीही हात गुडघ्यावर ठेवा. काल्याच्या आधी आज एक प्रश्न विचारायचाय, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. मंडळी, गावजेवण म्हणतो आपण — त्यातलं गाव म्हणजे कोण? बोला की! मतदारयादीत नाव असलेले? सातबाऱ्यावर नाव असलेले? का त्या दिवशी त्या शिवारात जे जे भुकेले, ते सगळे?

एकमेकांकडं काय बघताय! बरं, ऐका मग.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणाचं तरी सासर निघायचं! उसाचं गाव. दिवाळी सरली की लांबून तोडकरी यायचे, ओढ्याकाठी पाचटाच्या कोप्या घालायचे. त्यातल्याच एका कोपीत कौसाबाई — नवरा, दोन लेकरं आणि म्हातारा सासरा लिंबाजीबाबा. पहाटे भाकरी थापायच्या, फडात जायचं, दिवसभर कोयता चालवायचा. ऊस तोडायला ती चालायची हो! पण गावच्या नळाला घागर लावली की, "ए, सरक! हे गावाचं पाणी आहे." लेकरांना शाळेत घालायला गेली, तर "तुमचं गाव कुठलं?" दवाखान्यात गेली, तर "आधी कागद आणा!" अहो, लेकराचं अंग तव्यासारखं तापलंय आणि तुम्ही कागद कसले मागता?

तर त्या गावात सप्ताह बसला. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सात दिवस, अखंड, कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात ती असलीच पाहिजे. पण दुपारी बाराचा पहारा! जेवण अंगावर आलेलं, डोळे मिटायला लागलेले... यादीत नावं अठरा, मंडपात एक नाही! मग वीणा कुणाच्या गळ्यात? लिंबाजीबाबाच्या! रोज बारा ते चार म्हातारा उभा. तेव्हा नाही कुणी विचारलं, बाबा, तुमचं गाव कुठलं म्हणून!

सहाव्या दिवशी विलासआप्पांची पंगत. आप्पा म्हणजे गावातलं मोठं घर, मग पंगतही तशीच — चूलबंद! आदल्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, "उद्या कुणीही घरी चूल पेटवायची नाही. सगळ्यांनी मंडपात जेवायला यायचं!" भोंग्याला काय कळतंय वेस कुठं संपते ते? आवाज गेला थेट कोप्यांपर्यंत. कौसाबाईला कोण आनंद! दहाही कोप्या फिरली. "बायांनो, उद्या भाकरी थापू नका. देवाचं आवतण हाय. चूल पेटवली तर अन्नाचा अपमान व्हतो."

एक म्हातारी म्हणाली, "अगं, ते आपल्याला नसंल."

"माझा सासरा वीणा धरतोय तिथं! आपल्याला कसं नसंल?"

चुकलं तिचं? सांगा ना! विश्वास ठेवला तिनं, एवढंच चुकलं.

दहाही कोप्यांत चुली गार. माणसं उपाशीपोटी फडात गेली, दुपारी परत आली, हातपाय धुतले, त्यातल्या त्यात धड कपडे घातले आणि लेकरांना पुढं घालून मंडपाच्या दारात आली. विलासआप्पांनी हात आडवा केला.

"तुम्ही कुठं निघालात?"

"जेवायला, आप्पा. चूलबंद हाय न्हवं?"

"ते गावासाठी! तोडकऱ्यांसाठी नाही. गर्दी करू नका. उरलं तर बघू."

उरलं तर! धाकटं लेकरू पदर ओढतंय, "आये, बसायचं ना?" मागं दहा कोप्यांची माणसं कौसाबाईकडं बघताहेत. तिच्याच शब्दावर सगळे उपाशी राहिलेले. तोंड कुठं लपवावं तिनं? पण रडली नाही हो ती. तिला संताप आला. अन् तो ऐकताना ज्याला येत नाही, त्यानं छातीला हात लावून बघावं, आत काही आहे का!

आतून लिंबाजीबाबानं सगळं पाहिलं. म्हणाला, "कुणीतरी वीणा घ्या हो, मला सुनेकडं जायचंय." घेणार कोण? सगळ्यांचे हात वरणभातात! वीणा खाली ठेवता येत नाही. मग म्हातारा वीणेसकट निघाला! तोंडात नाम, गळ्यात वीणा, पंगतीच्या मधून सरळ मंडपाबाहेर. "चल पोरी," म्हणाला, "कोपीवर."

बोंब उठली! "वीणा चालली! सप्ताह मोडला!" बघा, लेकरं उपाशीपोटी दारात अडवली तेव्हा एक गडी पाटावरून उठला नव्हता. वीणा निघाली, तर अख्खी पंगत खरकट्या हातानं पळत सुटली! लाज वाटते सांगायला.

आप्पांनी ओढ्यापाशी गाठलं. हात जोडले. "बाबा, वीणा माघारी न्या. मी भाताची बादली इथंच पाठवतो."

बाबानं सुनेकडं पाहिलं. कौसाबाई पुढं झाली. "बादली नको, आप्पा. आम्ही मागाया आलो नव्हतो. चूल तुमी बंद करायला लावली, आता ताट तुमी वाढा. पंगतीत, समद्यांसंगं. आन उद्यापास्नं नळाला घागर लावनार मी. सरक म्हनायचं न्हाई कुनी."

आप्पा एकदा तिच्याकडं बघतात, एकदा वीणेकडं. करतात काय! वाढलं त्यांनी, स्वतःच्या हातानं वाढलं. मायेनं नाही हो, देवाच्या भीतीनं! पण कौसाबाई मंडपाच्या मधोमध बसून जेवली, आणि शेवटचं लेकरू हात धुऊन उठेस्तोवर म्हातारा वीणा घेऊन उभा राहिला.

आता माना डोलावताय! विलासआप्पांना मनात शिव्या देताय! थांबा. कृष्णानं सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून काला केला, तेव्हा विचारलं होतं का कुणाला, तुझं रेशनकार्ड कुठल्या गावचं? मग तुम्ही कसं विचारता? ज्यांच्या हातच्या विटांनी तुमची घरं उभी राहिली, त्यांचं पाणी, त्यांची शाळा, त्यांचा दवाखाना म्हणजे तुमची मेहेरबानी नव्हे. हक्क आहे त्यांचा!

आज सकाळी येताना मी तुमच्या वेशीबाहेर वीटभट्टीपाशी गाडी थांबवली. चौदा झोपड्या मोजल्या, एकीतूनही धूर नव्हता. एका बाईला विचारलं, "माय, आज स्वयंपाक नाही?" ती हसून म्हणाली, "महाराज, काल भोंग्यावर सांगितलंय की. आज चूलबंद हाय."

ही हंडी इथं टांगलीय. मी तिला हात लावणार नाही. उठा, त्यांना बोलवायला कोण जातंय?