गजावरची खूण

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानात पहारेकरी आपला नंबर यायची वाट बघत बाकावर बसला होता. त्याच्या आधीच्या बाई ठासणीच्या बंदुकीचा, नळीत दारू ठासायचा नुसता गजच घेऊन आल्या होत्या.

"मिस्त्री, तुमच्यामुळे आज तुमच्यासमोर उभी आहे मी!"

"का हो वहिनी, काय झालं?"

"हे म्हणाले, बंदूक रिकामीच आहे, धुऊन टाक. मी पाणी तापवलं. नळीत डोकावणार, तेवढ्यात तुमचं सांगणं आठवलं. आधी गज आत सोडला. बंदूक रिकामी असेल तर गजावरची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी ना? ती चार बोटं वरच राहिली!"

"म्हणजे बार भरलेला."

"तर काय! ह्यांची तर बोबडीच वळली. तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? ही खूण तुमच्या सासूबाईंनी करून घेतली. तुमचं लग्न ठरलं तेव्हा."

"आईंनी? मला कधी बोलल्या नाहीत त्या."

"मलाच म्हणाल्या, तिला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर पोरीला जाच वाटेल."

पहारेकऱ्याने उगाचच टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वाटलाच असता हो," बाई म्हणाल्या.

"बरं, गज का आणलात? वाकला की काय?"

"नाही, खूण झिजलीय. चांगली खोल करून द्या. पुढच्या महिन्यात माझी सून येतेय. आणि मिस्त्री, तिला सांगायचं मात्र तुम्हीच."