गुडघा खोटं बोलत नाय

अहो तिथं नको, तिथं नको... इकडं सरका! गणपतीच्या पुढ्यातल्या त्या कोपऱ्यात कोणी बसायचं नाय. का ते सांगतो, आरतीला वेळ हाय अजून, हिचे मोदक व्हायचेत, तवर सगळं सांगतो. बसा ऐसपैस. लादी गार हाय की नाय? हात फिरवून बघा. फिरवा, फिरवा, लाजताय काय! सांधा लागतो कुठं हाताला? लागणारच नाय! तीस वर्षं झाली लादी बसवतोय, बोईसर, पालघर, तारापूर, अर्ध्या बिल्डिंगी माझ्या गुडघ्याखालून गेल्यात. लोक म्हणतात हे घर अमक्या साहेबांचं, तो फ्लॅट तमक्या डॉक्टरचा. असेल! पण त्या घरात सगळ्यात आधी रांगलाय कोण? मासवणचा हा भगवंत!

आणि अशा माणसाला, तुमाला सांगतो, अशा माणसाला त्याची स्वतःची पोरगी वाढदिवसाला काय आणून देते? शर्ट? घड्याळ? नाय! गुडघ्याचे पॅड! काळे, जाडजूड, आत स्पंज, पुढं टणक वाटी, मागं पट्टे. मला वाटलं पोरगी कुठं हॉकी-बिकी खेळायला लागली. तर म्हणते, "पप्पा, हे तुमच्यासाठी. गुडघे टेकून काम करणाऱ्यानं घालायलाच पाहिजे." आमची दीपाली एमआयडीसीत हाय ना, कंपनीत, सेफ्टी खात्यात. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, गॉगल घाला, बूट घाला सांगते आणि संध्याकाळी घरी येऊन उरलेली सेफ्टी माझ्यावर काढते.

मी म्हटलं, बाळा, हा गुडघा बघ. हे घट्टे बघ, काळे, चिवट, बाभळीच्या सालीसारखे. हे काय आजार हाय? हे माझं सर्टिफिकेट हाय! अगं, लादी बसवली की दुसऱ्या दिवशी मी सांधे भरत रांगत जातो, तेव्हा हा गुडघाच सांगतो, भगवंता, थांब, इथं कड वर हाय. केसाएवढी! डोळ्याला दिसत नाय, पाणसळीला कळत नाय, गुडघ्याला कळतं. एकदा पालघरला एक इंजिनीअर लेझर घेऊन आला. लाल रेघ मारली भिंतीवर, म्हणाला, "एकदम लेव्हल आहे, मामा." मी रांगलो. म्हटलं, साहेब, तिसऱ्या ओळीत पाचवी लादी बघा. तो हसला. मग तिथलं एक पोरगं गोटी घेऊन आलं, ठेवली, तर गोटी निघाली की चालत! मग शोधाशोध... तर लेझरचा स्टँडच तिरपा! गुडघा खोटं बोलत नाय!

आता ह्या गुडघ्यावर स्पंज बांधला तर तो बोलणार कसा? पण पोरीला कोण सांगणार! मी म्हटलं, बरं, घालतो. आणि काय केलं, रोज सकाळी पॅड पिशवीत घालायचे आणि कामावर गेलो की खिळ्याला टांगायचे. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी दीपाली म्हणते, "पप्पा, पॅड दाखवा." दाखवले. नवेकोरे! "यांना सिमेंटचा एक ठिपका नाय?" मी म्हटलं, माझं काम स्वच्छ असतं. आता हे मी बोललो खरं, पण माझे केस सिमेंटनं पांढरे, मिशी पांढरी, ती काय आंधळी हाय?

मग दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. पॅडना मस्तपैकी सिमेंटचा माल फासला, वाळवला, वर दोन ओरखडे काढले. संध्याकाळी ऐटीत पुढ्यात ठेवले. तिनं ते बघितलेसुद्धा नाय! म्हणाली, "पप्पा, पायजमा वर करा." केला. दोन्ही गुडघे सिमेंटनं पांढरेफेक! तशी हात कमरेवर ठेवून, अगदी माझ्या आवाजात म्हणते कशी, "गुडघा खोटं बोलत नाय... तुमीच सांगता ना पप्पा?" आणि आत चुलीपाशी ही माझी बायको, रखमा, तोंडाला पदर लावून हसत होती. घरात आपल्या बाजूनं कोणी नाय, तुमाला सांगतो!

आणि त्यानंतर ते पॅड वापरायला लागलं कोण माहीत हाय? जिवल्या! पंधरा वर्षं माझ्यासोबत काम करतो, डोंगरपट्टीतला, भात लावून झालं की येतो. खिळ्यावरचे पॅड त्यानं काढले, घातले आणि दिवसभर उतरवलेच नाय. म्हणतो, "दादा, लय बरं वाटतं. गादीवर बसल्यागत हाय. तुमी नाय घालत तर ऱ्हाऊ द्या मलाच." अन् गडी दुप्पट काम करायला लागला! मी म्हटलं, जिवल्या, दीपालीला बोलायचं नाय. तो म्हणाला, "मी कशाला बोलू? आवाज पॅडचा येतो व्हय?"

आता मेन गोष्ट. ही लादी. तुमी सगळे म्हणाल, भगवंतानं घरात लादी घातली त्यात काय मोठं? अहो, मोठं हेच की तीस वर्षं नव्हती! लोकांच्या घरात आरशासारखी लादी घालणारा मी आणि माझ्या घरात शेणाचं सारवण. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. रखमा एका शब्दानं बोलायची नाय, फक्त दर गणपतीला सारवता सारवता एकच वाक्य... "औंदाही देव शेणावरच बसणार ना?" बस्स. एवढंच. वर्षातून एकदा. पण वर्षभर पुरायचं! म्हणून ह्या वर्षी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, गणपती लादीवर बसणार. आणि हातही माझाच लागणार, दुसऱ्या कोणाचा नाय. जिवल्यानं माल कालवायचा, लादी उचलून द्यायची, बसवणार मी.

गणपतीला पाच दिवस. सकाळी रखमानं पहिली लादी पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, म्हणाली, "अवो, ही उंबऱ्याशी लावा, पहिली." आता सांगू का, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं, सिमेंट गेलं होतं डोळ्यात, पण नुसतं सिमेंट नव्हतं... तर त्या भरात मी पहिली लादी उंबऱ्याशी लावली, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, मग सुटलोच! हात काय चालत होता! शेजारपाजार बघायला येतोय, दारातून वाहवा करतोय, मी मान वर करत नाय. दुपारी तीनला मान वर केली... आणि कळलं मी कुठं हाय.

अहो, लादीवाला सुरुवात करतो मागच्या भिंतीकडनं आणि मागं सरकत सरकत दारातून बाहेर पडतो! हे शेंबड्या पोराला कळतं! आणि मी, तीस वर्षांचा कारागीर, दारातून सुरुवात करून घुसलो कोपऱ्यात! पुढं सगळी ओली लादी, उद्यापर्यंत पाय ठेवायचा नाय, मागं भिंत आणि मधी चार लाद्यांएवढ्या जागेत, सारवण उकरून घातलेल्या खडबडीत कोब्यावर मी, गुडघे टेकून. ह्याच चुकीपायी जिवल्याला मी किती शिव्या घातल्यात! आणि तो खिडकीतून मला माल देत होता, सकाळपासून! मी ओरडलो, अरे, बोलला का नाय? तो म्हणतो, "दादा, मला वाटलं ही तुमची नवीन पद्धत हाय."

बरं, खिडकीला अजून ग्रील नाय, उठावं, खिडकीतून उडी मारावी, विषय संपला. भिंतीकडं वळून, हात टेकून उठायला गेलो... नाय! उजवा गुडघा आखडला. हलेना! सरळ होईना, वाकेना. सकाळपासून कोब्यावर, उघडा, पॅडशिवाय. पॅड कुठं होते? खिडकीबाहेर. जिवल्याच्या गुडघ्याला!

जिवल्या म्हणाला, "दादा, लादीवरनं रांगत जा दाराकडं." मी म्हटलं, खबरदार! पहिल्यांदा माझ्या घरात लादी आली आणि तिच्यावर मीच ढोपर उमटवू? मरेन पण पाय ठेवणार नाय! तर बसलो तसाच. देवाच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड, गुडघे टेकून, हात भिंतीला. दारात गर्दी. आणि तुमाला माहीत हाय, मी काय देवदेव करणारा माणूस नाय. म्हातारी समिधाकाकू दारातून बघते, हात जोडते आणि म्हणते, "बघा गो, भगवंताला उपरती झाली! लादी लावता लावता ध्यान लागलं!" अहो ध्यान कसलं! डोळ्यांपुढं काजवे चमकत होते!

साडेपाचला दीपाली कंपनीतून आली. दारातून बघितलं. काय झालं विचारलं नाय, फक्त माझा गुडघा बघितला, मग बाहेरून खिडकीशी येऊन जिवल्याचा गुडघा बघितला. झालं. सगळा पंचनामा एका नजरेत! मग चौघांनी खिडकीतून मला उचललं. तसाच! बसलेला! वाकलेला गुडघा वाकलेलाच, एक हात वर, एक हात जिवल्याच्या डोक्यावर. पोरं ओरडायला लागली, "गणपती बाप्पा मोरया!" टेम्पोत घातलं मला आणि मनोरपर्यंत मिरवणूक. गणपतीच्या आधी माझीच!

मनोरचा डॉक्टर विचारतो, "पॅड वापरत नाही का?" मी म्हटलं, वापरतो की. डॉक्टरनं पायजमा वर केला. घट्ट्यावर बोट वाजवलं. गुडघा खोटं बोलत नाय! सुई टोचली, पाणी काढलं, पट्टी बांधली आणि म्हणाला, "आता पॅडशिवाय गुडघा टेकलात तर वर्षभरात काम बंद. कायमचं." कायमचं... हात चालतोय, डोळा चालतोय आणि गुडघ्यापायी मी बसून राहणार? मी करणार काय मग? मला लादीशिवाय येतं काय?

दोन दिवस झोपून काढले. चार लाद्या राहिलेल्या. देवाच्या पुढ्यातल्या. परवा गणपती. दीपाली म्हणाली, "पॅड घालून लावणार असाल तर तुमी लावा. नायतर जिवल्यादादा लावेल." आणि माझ्या घरातली, देवापुढची लादी जिवल्या लावणार? घातले! तुमाला सांगतो, घातले पॅड! दोन पट्टे इकडं, दोन तिकडं. गुडघा टेकला आणि... काय सांगू... काही दुखेचना! खोटं कशाला बोलू. एवढं बरं वाटलं की राग आला मला. तीस वर्षं काय झक मारली म्हणून! चार लाद्या लावल्या, रात्रभर वाळल्या, दुसऱ्या दिवशी पॅड घालूनच सांधे भरले आणि मग खुर्चीवर पाय वर करून बसलो, साहेबासारखा.

तर रखमा आली ओलं फडकं घेऊन. लुगडं वर खोचलं आणि रांगत रांगत लादी पुसायला लागली. मी खुर्चीत, ती खाली. असं कधी झालंच नव्हतं, तुमाला सांगतो, लादीवर नेहमी मी खाली असतो. आणि वरून मला तिचे गुडघे दिसले... काळे. घट्टे. चिवट. डिट्टो माझे! तीस वर्षं ती सारवत होती, ह्याच जागी, गुडघे टेकून, आठवड्यातून दोनदा. आणि मी संध्याकाळी घरी येऊन पाय लांब करायचो, बघ गं किती दुखतंय, आणि ती खोबरेल तेल लावायची. तिला कोणी लावलं? कोणी नाय. मला लाज वाटली. खरंच लाज वाटली.

आणि तेवढ्यात ती थांबली. देवापुढच्या लादीवर. गुडघा मागं घेतला, परत टेकला. म्हणाली, "अवो... इथं लागतंय."

केसाएवढी! मी पॅड घातलेले, मला कळलंच नाय! लेझर हरला ज्याच्यापुढं तो मी, आणि मला पकडलं कोणी तर माझ्या बायकोनं, उघड्या गुडघ्यानं! मी ओरडलो, जिवल्या, छिन्नी आण, काढ ती लादी! तर ही चक्क त्या लादीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "हात लावायचा नाय. बाकी सगळ्या लाद्या तुमी गुडघा फोडून लावल्यात. ह्या चारच गुडघा सांभाळून लावल्यात. ही अशीच ऱ्हाऊ द्या."

मी पॅड काढले, खाली बसलो कसाबसा आणि तिच्या गुडघ्याला बांधले. ती म्हणे, "काय करताय, पोरगी बघतेय." बघू दे! बांधले. आणि तेव्हापासून ते काय माझ्याकडं परत आलेच नाय, बरं का. दिवसातून तीनदा लादी पुसते! आत्तासुद्धा मोदक वळतेय ती ते घालूनच, बघा हवं तर. मी दीपालीला सांगितलंय, बाळा, अजून दोन जोड्या आण, एक मला, एक जिवल्याला, माझं काम सुरू होतंय सोमवारपासून. ती म्हणते, "पप्पा, तुमाला तर चालत नव्हते?" चालतात गं बाई, चालतात!

आता कळलं ना तिथं बसू नका का म्हटलं? सकाळपासून तीन जणांना ठेच लागली तिथं. माझ्या हजारो लाद्यांत एकच लादी वर, आणि ती नेमकी माझ्याच घरात, देवाच्या पुढ्यात, सगळ्या गावाच्या अंगठ्याखाली! चला, उठा, हिनं ताट आणलं... अरे अरे, समिधाकाकू, सांभाळा! लागली ना? लागली ना ठेच?

"काय नाय लागलं! लादी सरळ हाय! ह्यांनी लावलीय, वर असेल कशी? काकू, तुमीच पाय उचलून चाला!"

ऐकलंत? गुडघा खोटं बोलत नाय... पण बायको बोलते. ते पण देवासमोर, हातात आरतीचं ताट घेऊन! आता मी तरी काय करू? घंटा द्या इकडं.