पानाबाहेरचा गणपती

आमच्या काकांच्या छापखान्यात एक नियम होता आणि तो का, हे विचारायचं नाही. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फाइलीत पानाच्या बाहेर, कोपऱ्यात एक छोटा गणपती ठेवायचा. पानाबाहेरचं छापलं जात नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला कळतही नाही.

कॉलेज संपल्यावर मी एक प्रोग्राम लिहिला. तो आमची फाइल आपोआप एका वेबसाइटला पाठवायचा आणि तिकडून पीडीएफ होऊन यायची. पहिलीच फाइल निर्मळ गावच्या फिलोमिनाबाईंच्या मुलीची लग्नपत्रिका. प्रूफ म्हणून मी ती पीडीएफ थेट त्यांना मेल केली.

संध्याकाळी बाई दुकानात हजर. "काय गं पोरी, आमच्या क्रूसाशेजारी तुमचे बाप्पा कसे?" आणि हसत सुटल्या.

वेबसाइटने पानाबाहेरचंही सगळं उचलून पीडीएफमध्ये घातलं होतं!

काका लालबुंद. "बघ, तुझ्या इंटरनेटने नाक कापलं. आजपासून ते बंद!" गल्ल्यावर बसलेल्या बाबांनीही मान डोलावली.

"बंद नाही करणार," मी म्हणाले. "त्या वेबसाइटने निदान बाप्पांना आत तरी घेतलं. इतकी वर्षं त्यांना पानाबाहेर कुणी उभं केलं होतं, काका?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे बघत राहिले.