सोफ्याखालचा ढोल

हो, हो, मीच हलवली इमारत — आत या, मेतोदी, वायरींवर पाय नका देऊ! काय फुटलं? भाजल्या मिरच्यांची बरणी? एकच ना! माझ्यातली घेऊन जा, तुमच्या बायकोच्या हातच्यापेक्षा बरी आहे. आवाज कसला म्हणता? आवाज कुठाय, नुसता धक्का! हा डबा बघा — अॅम्प्लिफायर, माझ्या हातचा. कारखान्यात जन्मभर रेडिओ जोडले, पण असलं खूळ नव्हतं केलं. ढोलाचा आवाज काढणारे हे दोन मोठे स्पीकर, एकाला एक समांतर जोडले, तर दुप्पट करंट मागायला लागले हावरट. पहिला डबा धूर सोडून मेला. मग मी काय केलं? एका ट्रान्झिस्टरच्या जागी चार, आणि प्रत्येकाच्या पायात एक चिमुकला रेझिस्टर — नाहीतर काय होतं, एकटाच सगळा भार उचलतो, जळतो, आणि बाकीचे बघत बसतात. आपल्या जुन्या सहकारी शेतीसारखं!

कुणासाठी म्हणजे? वाचनालयाच्या हॉलसाठी. नाचाच्या मंडळींनी मागितलाय. सोफ्याखाली काय वाकून बघताय? जागा नाही घरात, म्हणून स्पीकर तिथं... बरं बाबा, नाही मागितला कुणी. आमच्या नवरोबांसाठी, स्तोइलसाठी आहे. झालं समाधान? त्याचे कान गेले ते तुम्हाला माहीत आहे, पण ढोल विकायला काढलाय, हे आहे माहीत? आज संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. म्हणतो, त्सोना, ऐकू येत नाही तर ती अडगळ कशाला? जेवतोही एकटाच, या सोफ्यावर ताट घेऊन. म्हटलं, कानांनी नाही तर पाठीनं ऐक मेल्या!

टेप कुठली लावली असेन? तुमच्या लग्नाची! ढोल त्याचाच, सात मात्रांचा, तुमची मेहुणी नाचता नाचता धापा टाकत होती तो. सकाळपासून लावतेय, हा ढिम्म. म्हणून वाढवला, म्हणून तुमची बरणी. आता तर चिडून आत गेलाय, ढोल पुसायला. फार वाईट वाटतं हो मला, मेतोदी, खरंच फार —

थांबा. डबा तर मी तुमची बेल वाजली तेव्हाच बंद केला. मग आतल्या खोलीतून हे काय? ढम-ढम-ढमाक... ढम-ढम-ढमाक...

जा, जा तुम्ही आता, मला रडू येतंय. आणि खाली ते गिऱ्हाईक दिसलं तर सांगा, पत्ता चुकलाय म्हणावं.