मशीनचं भूत

मनोरंजन पार्कातल्या भूतबंगल्यात काहीतरी बसवायला आलेला फिटर चहाच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभा होता. त्याच्यापुढे बंगल्यात भुताचं काम करणारी मावशी आणि पाळणेवाला बोलत होते.

“मावशी, पार्कात आता मशीनचं भूत येणार म्हणे!”

“येऊ दे की.”

“लाल डोळे, किंकाळ्या, वर धूर!”

“धूर तर आमचे हेही सोडायचे. मी कधी घाबरले नाही.”

“थट्टा सोडा. तुमची गच्छंती होईल.”

“करून तर बघू देत! अरे, मी आजवर एकदा तरी किंचाळले का?”

“मग लोक रडत कसे बाहेर येतात?”

“आत सगळे एकामागे एक चालतात. मी गुपचूप शेवटच्याच्या मागे चालते. तो थांबला की थांबते. हात लावत नाही, बोलत नाही. आपल्यामागे कुणी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी मान वळतेच. वळली की मी असते!”

“आणि मशीन?”

“ते जमिनीला ठोकलेलं. चार पावलं चालून दाखव म्हणावं, मग मी घरी जाते!”

चहा घेऊन मावशी फिटरच्या बाजूने मागे निघून गेली.

रांगेत आपल्यामागे कुणी नाही, हे फिटरला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याची मान वळलीच.