उंबराखालचा डबा

माझा मित्र समीर, त्याच्या डब्याचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. मोबाईलवर ठिकाण बघून लपवलेले डबे हुडकायचं त्याला वेड. डबा सापडला की आतली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची, एवढाच खेळ. त्यानं स्वतःही एक डबा कुसगावजवळच्या वनउद्यानात, उंबराखाली दगड ठेवून लपवला होता. आता तिथलं गेट मोडलंय, घाणेरीची काटेरी झुडपं माजलीत, कुणी फिरकत नाही. म्हणून डबा काढून आणायला आम्ही दोघं गेलो.

ओरखडे खात उंबरापाशी पोचलो, तर डब्यावरच्या दगडाला शेंदूर फासलेला. पुढ्यात हळदकुंकू. समीर दगड उचलायला वाकला, तेवढ्यात शेळ्यांमागून आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "पायतान काढा आदी."

"मावशी, इथे कोणता देव आहे?" मी विचारलं.

"नाव ठावं न्हाई, पर लय जागृत हाय. सुनंनं नवसाची बांगडी डब्यात ठिवली. पुन्हा येऊन बघतोय तर बांगडी देवानं घेतल्याली, आन् तिच्या जागी खेळण्यातली मोटार. लय वर्सं वाट बघितली पोरीनं. आता दिवस गेल्यात तिला."

बांगडी नेऊन मोटार ठेवणारा खेळातलाच कुणीतरी असणार, हे आम्हा दोघांनाही कळलं. समीरनं बूट काढले.

"तुमी काय मागाया आलाय?" मावशींनी विचारलं.

समीरनं गाडीच्या किल्लीला अडकवलेला रबरी हत्ती सोडवला आणि डब्यात ठेवला.

"मागायला नाही, मावशी," तो म्हणाला. "ठेवायला आलोय."