तापात जमलेलं डाएट

तुम्ही सगळ्या विचारता ना, इतकी बारीक कशी झालीस, कोणतं डाएट केलंस? ऐका मग.

माझ्या मोबाईलमध्ये ते ॲप मोठ्या काकूनं टाकलं. जे खाल्लं ते त्यात लिहायचं. जास्त झालं की वर्तुळ लाल, कमी असलं की हिरवं. "मले माझ्या फोनमध्ये सगळं दिसते बरं," असंही तिनं बजावलं. एका रविवारी घरी पाटवडी केली, वर्तुळ लाल झालं आणि लगेच आईला काकूचा फोन.

मग मला टायफॉइड झाला. आई पेजेची वाटी घेऊन उशाशी बसायची. "एक घास तरी घे वं माय," म्हणताना तिचे डोळे भरायचे. जे चमचाभर पोटात जायचं, तेही मी काकूच्या धाकानं ॲपमध्ये टाकत होते.

ताप उतरल्यावर काकू हुडकेश्वरहून भेटायला आली. माझ्या हातावर सलाइनची पट्टी अजून होती. तिनं माझ्या कपाळाला हातही लावला नाही, आधी स्वतःचा फोन काढला.

"पाह्य वं, रोज हिरवं! मनावर घेतलं की जमते पोरीले."

"ताप होता ना तिले, ताई," आई म्हणाली.

"असो ना. आयतं उतरलं आहे वजन, आता वाढू देऊ नको."

त्या दुपारी मला कितीतरी दिवसांनी खरी भूक लागली. "आई, भात वाढ," मी स्वतःहून म्हटलं. आईनं घाईघाईनं ताट भरलं. मग तिनं काकूकडे पाहिलं आणि अर्धा भात परत पातेल्यात काढला.